काठी वर झाली की निघायचं

आमच्या सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीवरून बिबट्या चालत गेला, तेव्हा अख्ख्या इमारतीत आनंद झालेला माणूस एकच होता, आणि ते माझे सासरे होते. कॅमेऱ्यातलं ते चित्रण सकाळपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर पोचलं होतं. तोंडात एक कुत्रं धरलेलं, आणि चाल अशी की घाई म्हणून नाही. लोकांची पाचावर धारण बसली. सासऱ्यांनी माझ्या हातातून मोबाइल घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "नर आहे. तरणा आहे. चालतो बघ कसा, बापाच्या घरात असल्यासारखा."

"बाबा, कुत्रं आहे त्याच्या तोंडात," मी म्हटलं.

"मग काय बटाटेवडा असणार आहे?"

आम्ही सिंहगड रस्त्याच्या आतल्या अंगाला राहतो, खडकवासल्याच्या अलीकडे. मागे टेकडी आहे. घर घेताना बिल्डरने ती टेकडी आम्हाला जवळजवळ विकलीच होती, जाहिरातीत तिचा फोटो इमारतीपेक्षा मोठा होता. टेकडीवर मोर आहेत, ससे आहेत आणि थोडी भेकरं आहेत. भेकर म्हणजे शेळीएवढं, तांबूस रंगाचं, लाजरंबुजरं हरीण. एकटंदुकटं राहतं आणि सहसा दिसत नाही. सासऱ्यांना मात्र ते दिसायचं. रोज पहाट फुटली की ते काठी घेऊन वर जायचे, एका कातळावर बसायचे आणि ओढ्याच्या बाजूला बघत राहायचे. तिथे एक मादी होती. तिच्या उजव्या कानाला खाच होती. ती दिसली की स्वारी दिवसभर खूश, नाही दिसली की आमटीत मीठ कमी.

पंच्याऐंशीच्या घरातला हा माणूस तरुणपणी शिकारी होता. पाटबंधारे खात्यात नोकरी, धरणांच्या कामावर बदल्या आणि रविवारी परवान्याची बंदूक. कायदा आला आणि बंदुका गेल्या. बंदूक गेल्याचं दुःख त्यांनी कधी केलं नाही. पण त्या काळाबद्दल बोलायला लागले की थांबायचे नाहीत, आणि मधे कुणी बोललेलं त्यांना खपायचं नाही. लग्नानंतर पहिली काही वर्षं मी ऐकून घेतलं. मग मी बँकेतल्या काउंटरवर बसायला लागले आणि ऐकून घ्यायची माझी सवय गेली.

त्यांचा एक शिकारीतला मित्र आहे. त्यांना मी काका म्हणते. मार्केट यार्डात त्यांचा कांदा-बटाट्याचा गाळा होता, आता मुलगा बघतो. हे दोघे पन्नास वर्षं एकाच गोष्टीवरून भांडत आले आहेत. बिबट्या आला की हरणांचं काय होतं, ही ती गोष्ट.

सासऱ्यांचं म्हणणं सरळ होतं. बिबट्या आला की हरणं संपतात. मुळशीच्या बाजूला एक दरी होती, भेकरांनी भरलेली. तिथे बिबट्यांची जोडी आली आणि एका उन्हाळ्यात दरी मुकी झाली. एक हाक नाही, एक ठसा नाही. "मी स्वतः बघितलंय," हे त्यांचं ब्रह्मास्त्र.

काकांचं म्हणणं, "मुकी झाली, संपली नाही. लेका, गप्प बसणं वेगळं आणि मरणं वेगळं. बिबट्या आला की हरीण जागा बदलतं, चरायची वेळ बदलतं, बोलायचं बंद करतं. तू तिथेच बसून राहिलास, जिथे ती आधी होती. ती तुला भेटायला येणार होती काय?"

"मग पाडसं कुठे गेली?"

"पाडसं कुत्र्यांनी खाल्ली. गावाच्या कुत्र्यांनी. टोळी करून पळवतात, दमवतात आणि जिवंत फाडतात. बिबट्या एक घेतो आणि पोट भरलं की झोपतो. कुत्र्याला भूकच लागत नाही, त्याला खेळ लागतो. बिबट्या तीच कुत्री खातो. जिथे बिबट्या आहे तिथे पाडसं जगतात, हे मी तुला ताम्रपटावर लिहून देतो."

मग सासरे म्हणायचे, "कांदे विकणाऱ्याने हरणांत पडू नये." आणि काका म्हणायचे, "आणि कालवे खणणाऱ्याने पडावं?" मग चहा.

मी दोघांच्यामध्ये कधी पडले नाही. मला वाटायचं, ह्यांनी दोघांनी मिळून जेवढी हरणं मारली, तेवढी कुठल्या बिबट्याने मारली असतील? एकदा हे मी बोलूनही दाखवलं. दोघेही असे गप्प झाले की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

तर बिबट्या आला. वनखात्याची माणसं आली. अंधारात टेकडीवर जाऊ नका, एकटे जाऊ नका, कचरा उघडा टाकू नका, असं सांगून गेली. सोसायटीने फाटकावर पाटी लावली, की टेकडीवर जाणाऱ्यांनी आपल्या जबाबदारीवर जावे, सोसायटी फक्त वर्गणीला जबाबदार आहे. आमच्या रखवालदाराने तो बिबट्या प्रत्यक्ष पाहिला होता. "ताई, लई मोठा हाय," तो मला म्हणाला. "माझ्याकडं बघितलं आन् तोंड फिरवलं, जसा काय मी भाडेकरू हाय."

आता कुणालाही वाटेल की लोक टेकडीवर जायचे बंद झाले असतील. छे! आमच्याकडचे सकाळी फिरणारे लोक देव सोडतील, टेकडी सोडणार नाहीत. सगळे निवृत्त, सगळे शहाणे, आणि कुणाची साखर, कुणाचं कोलेस्टेरॉल. दिवाळीनंतर त्यांनी एक बैठक घेतली. बैठकीत कुणीतरी म्हणालं, की आजोबा शिकारी होते, त्यांना बिबट्याचं कळतं, त्यांनाच विचारू. सासरे उभे राहिले. मी तिथेच होते. इतके ताठ उभे राहिलेले मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"सोपं आहे," ते म्हणाले. "बिबट्या दिसत नाही, तो ऐकू येतो. म्हणजे त्याचा आवाज नाही, भेकराचा. बिबट्या हलला की भेकर ओरडतं. भेकर गप्प, तर टेकडी मोकळी. मी आधी वर जाईन. कातळावर बसून ऐकेन. सगळं ठीक असलं तर काठी वर करेन. काठी वर झाली की निघायचं."

टाळ्या पडल्या. खरंच पडल्या. दुसऱ्या दिवसापासून सोसायटीच्या मागच्या फाटकाशी रोज ती मंडळी उभी राहायला लागली, कानटोप्या घालून, वर बघत. आणि सासरे वर कातळावर. त्यांना एकटं कसं सोडायचं, म्हणून त्यांच्याबरोबर मी. नवरा म्हणाला, "तू जातेस ना, मग मला काळजी नाही." ह्या माणसाला कसलीच काळजी नसते, कारण ती सगळी मी करते.

एक गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती आणि कुणी तोंडातून काढत नव्हतं. सासऱ्यांना कमी ऐकू यायचं. टीव्ही इतका मोठा लावायचे की खालच्या मजल्यावरच्यांना मालिका फुकटात कळायच्या. कानाला लावायचं यंत्र आणून दिलं होतं, ते कपाटात होतं. "तुम्हीच हल्ली पुटपुटता," असं त्यांचं म्हणणं. पण कातळावर बसले की मान अशी वाकडी करून, डोळे बारीक करून बसायचे, की वाटावं, जंगलातलं त्यांना वेगळं ऐकू येत असेल. भांड्यांचा आवाज ऐकायचा नाही आणि भेकराचा ऐकायचा, असे कान काही माणसांचे असतील. असंच मी धरून चालले.

दोनअडीच महिने काठी वर होत राहिली. काही झालं नाही. लोक आजोबांना नमस्कार करायला लागले. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई तर आपल्या मुलीलाही घेऊन यायच्या. मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आलेली, डॉक्टरने चालायला सांगितलेलं. "आजोबा आहेत ना वर," असं त्या सगळ्यांना सांगायच्या.

मग त्या शनिवारी काका राहायला आले. स्वारगेटला बस बदलून, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून. उद्या सकाळी आपणही कातळावर येणार आणि भेकरांवरून चाललेल्या वादाचा एकदा निकाल लावणार, असं जाहीर करून ते गॅलरीत बसले. ऊन उतरलं होतं. मी चहा दिला. दोघांचं सुरू झालं.

"खाच असलेल्या मादीला ह्या वर्षी पाडस आहे," सासरे म्हणाले. "पण हा बिबट्या ते ठेवणार नाही."

"आहे ना पाडस? गेल्या वर्षी होतं?"

"गेल्या वर्षीचं कुत्र्यांनी मारलं."

"आणि ह्या वर्षी कुत्री कुठे आहेत?"

सासरे बिस्किटाचा पुडा उघडायला लागले. कुत्री नव्हतीच. आमच्या रस्त्यावरची सगळी भटकी कुत्री दिवाळीपर्यंत नाहीशी झाली होती.

तेवढ्यात टेकडीकडून भुंकणं ऐकू आलं. एकच भुंक, मग जरा थांबून दुसरी. मग पुन्हा. मी वैतागून म्हटलं, "ह्या पलीकडच्या सोसायटीतल्या कुत्र्याने वीट आणलाय. कधी संध्याकाळी, कधी सकाळी, ह्याचं आपलं चालूच."

काकांनी कप खाली ठेवला. "कुत्रं?"

"नाहीतर काय?"

"अगं, ते भेकर आहे."

मी काकांकडे बघत राहिले. भेकर हरीण आहे म्हणजे ते हरणासारखं काहीतरी ओरडत असेल, असं मी इतके दिवस समजत होते. हरीण कसं ओरडतं हे तरी मला कुठे माहीत होतं! ते कुत्र्यासारखं भुंकतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. सासऱ्यांनी नेहमी 'हाक' म्हटलं होतं, 'ओरडणं' म्हटलं होतं.

काकांनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे बिस्किट चहात बुडवत होते. टेकडीवरून भुंकणं चालूच होतं, स्पष्ट, खणखणीत.

"ऐकलंस?" काकांनी विचारलं.

"काय?"

"काही नाही. चहा छान झालाय."

"हो. हिचा चहा चांगलाच असतो," सासरे म्हणाले आणि बिस्किट तोंडात टाकलं.

मी आत निघून गेले. कारण ते भुंकणं मी सकाळीही ऐकलं होतं. कातळावर, त्यांच्या शेजारी उभी असताना. रोज नाही, पण ऐकलं होतं. आणि काठी वर झाली होती आणि खालून सगळे हसतखेळत वर आले होते. कुणाला काही झालं नाही, हे निव्वळ नशीब.

काका मागून स्वयंपाकघरात आले. "तू काही बोलू नकोस," ते हळू आवाजात म्हणाले. "तुझ्या तोंडून ऐकणं त्याला जड जाईल. मी सांगतो. उद्या वर गेल्यावर, आम्ही दोघं असताना. लोकांच्या देखत नको."

"आणि उद्या ओरडलं तर?"

"माझे कान आहेत ना," काका म्हणाले.

सकाळी पातळ धुकं होतं. आम्ही तिघं चढलो. काकांचे गुडघे, सासऱ्यांची काठी, आणि मधे मी, कधी ह्याचा हात धर, कधी त्याचा. दोघांचंही वजन माझ्यावर. खाली फाटकाशी मंडळी जमायला लागली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंची मुलगी दिसली, अंगावर हिरवी शाल, चालताना एक हात पाठीवर.

सासरे कातळावर बसले. काका त्यांच्या शेजारी उभे राहिले, बसायला गुडघे तयार नव्हते. मी दोघांच्या मागे. पायवाट आमच्या समोरून डावीकडे वळते आणि करवंदीच्या जाळीमागून ओढ्याकडे जाते. लोक चढून त्याच वाटेने पुढे जातात.

काकांनी घसा साफ केला. "अरे, तुझ्याशी बोलायचं होतं."

सासऱ्यांचं लक्ष नव्हतं. ते समोर बघत होते.

काका जरा मोठ्याने म्हणाले, "अरे, ऐक..."

आणि ओढ्याच्या बाजूने भुंक आली. जवळून. इतक्या जवळून की मी दचकले. एक. मग दुसरी. मग लागोपाठ. काकांची मान झटकन जाळीकडे वळली आणि तिथेच थांबली.

सासऱ्यांनी शांतपणे काठी उचलली.

मी काय करत होते ते मला कळलं नाही. मी पुढे झाले, त्यांचा हात मनगटाशी धरला आणि खाली ओढला. काठी कातळावर आपटली. आमच्या घरात सुनेने सासऱ्यांच्या अंगाला हात लावणं म्हणजे काय, ते सांगायला नको. त्यांनी आधी माझ्या हाताकडे पाहिलं. मग ओरडले, "काय चाललंय काय? हात सोड! लोक बघतायत!"

"ओरडतंय, बाबा!" मी म्हटलं. "भेकर ओरडतंय!"

"कोण म्हणतं?"

मी काकांकडे बोट दाखवलं. काका आमच्याकडे बघतच नव्हते. त्यांची मान जाळीकडे वळलेली, तोंड अर्धवट उघडं, सगळं अंग त्या बाजूला कललेलं. सासऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या दोघांनी आयुष्यात कितीतरी सकाळी एकमेकांच्या शेजारी बसून काढल्या होत्या. त्यामुळे मित्राची मान अशी कधी वळते, हे त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांचा चेहरा उतरला. माझ्या हातातलं त्यांचं मनगट एकदम ढिलं पडलं.

"उठव त्याला," काका ओठ न हलवता म्हणाले. "बसलेला माणूस लहान दिसतो. उठव."

मी त्यांना काखेत हात घालून वर घेतलं. ते उठताना कण्हले. आणि मग तो जाळीतून बाहेर आला.

पायवाटेवर आला, अगदी मधोमध. ज्या वाटेने पंधरावीस माणसं थोड्याच वेळात जाणार होती, त्या वाटेवर. मी मोबाइलवर पाहिला होता त्याहून तो मोठा होता आणि त्याहून शांत होता. त्याने आमच्याकडे पाहिलं. पळावं असं पायांना वाटत होतं आणि दोन म्हातारे माझ्या दोन हातांत होते. मी मनातल्या मनात येतील तेवढ्या देवांची नावं घेतली, एरवी मी एकालाही भीक घालत नाही.

"हलू नका. वाकू नका. त्याच्याकडे बघत राहा," काका म्हणाले.

त्याच्या मागे, जाळीपलीकडच्या उंचवट्यावर भेकर होतं. ते पळत नव्हतं. पुढचा पाय आपटत होतं आणि भुंकत होतं, सरळ त्याच्या तोंडावर. कानाची खाच मला इतक्या लांबून दिसली नाही, पण ती तीच असणार. पाडस तिथेच कुठेतरी गवतात असणार.

बिबट्याने एकदा मागे पाहिलं. मग अगदी कंटाळल्यासारखा तो वाट ओलांडून पलीकडच्या उतारावर गेला. आणि ते शेळीएवढं जनावर भुंकत भुंकत त्याच्या बाजूने सरकत राहिलं, तो जिकडे जाईल तिकडे.

"बघितलंस?" काका पुटपुटले. "ती पळत नाहीये. त्याला सांगतेय, तू दिसलास, आता निघ. दिसलेल्या बिबट्याला शिकार मिळत नाही."

सासरे नेहमीप्रमाणे भांडले नाहीत. त्यांना ते ऐकूच गेलं नसावं.

आम्ही उतरलो. कसे उतरलो ते मला आठवत नाही, एवढंच आठवतं की काठी वरच राहिली. फाटकाशी सगळे वाट बघत होते. खालून ती वाट दिसत नाही, आणि धुक्यात आमची ओढाताणही त्यांना नीट दिसली नव्हती. "काय आजोबा, आज काठी नाही?" कुणीतरी हसत विचारलं.

मी आधीच ठरवलं होतं. मी म्हटलं, "बाबांनी भेकर ऐकलं. बिबट्या आहे वर, आम्ही पाहिला. आज कुणी जायचं नाही."

लोकांत एकदम गलबला झाला. कुणी म्हणालं, बाप रे! कुणी म्हणालं, वाचलो आजोबांमुळे! काकांनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. झालं, निभावलं, असं मला वाटलं.

"मी नाही ऐकलं," सासरे म्हणाले.

त्यांचा आवाज नेहमीसारखाच मोठा होता.

"हिने ऐकलं. मी काठी वर करत होतो, हिने हात धरला. मला भेकर ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली, येत नाही."

हे लोक एरवी एका वाक्यात माणसाचं पाणी करतात, पण त्या दिवशी एकालाही शब्द सुचला नाही. मग दुसऱ्या मजल्यावरच्या बाई पुढे आल्या. त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आजोबा," त्या म्हणाल्या, "हिला सातवा लागलाय. मी हिला रोज तुमच्या काठीवर वर आणत होते."

सासऱ्यांनी हात जोडले. त्या मुलीसमोर, मग त्या बाईंसमोर. ते हात जोडलेलेच होते, खाली येईनात. मीच ते खाली केले आणि त्यांना घरात घेऊन आले.

घरात आल्यावर मात्र माझा तोल गेला. नवरा चहा पीत बसला होता, त्याच्यासमोरच मी सुरू झाले. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं? पहिल्या दिवसापासून माहीत होतं? आणि तरी रोज काठी वर? एवढी माणसं! ती पोर! काय म्हणायचं बाबा तुम्हाला?"

ते गॅलरीतल्या खुर्चीत बसले होते. मी जोरात बोलत होते म्हणून त्यांना सगळं ऐकू येत होतं. काका भिंतीला टेकून उभे होते, खाली बघत.

"बैठकीत सगळे माझ्याकडे बघत होते," सासरे म्हणाले. "किती वर्षांनी कुणी मला काही विचारलं असेल? तिथे उभा राहून काय सांगणार होतो?"

"हेच सांगायचं होतं!"

"हो. हेच सांगायचं होतं. पण मी नुसती उगाच काठी वर करत नव्हतो गं. मी तुझ्याकडे बघत होतो."

"माझ्याकडे?"

"तुझे कान चांगले आहेत. मला वाटायचं, भेकर ओरडलं की तू दचकशील. तुझा चेहरा बदलेल. मी रोज आधी तुझ्या चेहऱ्याकडे बघायचो आणि मग काठी उचलायचो. तू शांत असायचीस."

मी खालीच बसले. कोपऱ्यातल्या तुळशीच्या कुंडीशेजारी, जमिनीवर. इतके महिने हा माणूस माझ्या कानांनी ऐकत होता. आणि मला तो आवाज माहीत नव्हता. मी कुत्र्याला वैतागत, मनात दुपारच्या भाजीचा विचार करत शांत उभी असायचे, आणि त्या शांत चेहऱ्यावर एक गरोदर मुलगी टेकडी चढायची.

"मला सांगायचं तरी!" मी म्हटलं. माझा आवाज रडका झाला होता आणि त्याचा मला राग येत होता. "भेकर कसं ओरडतं, एवढं तरी सांगायचं होतं मला!"

"ते सांगितलं असतं, तर तुला कळलं असतं की मला ऐकू येत नाही."

नवऱ्याने कप खाली ठेवला. पहिल्यांदाच मला त्याच्या चेहऱ्यावर काळजी दिसली.

मग सासरे उठले. गॅलरीचा कठडा दोन्ही हातांनी धरला. टेकडीकडे तोंड केलं, छाती भरून घेतली आणि भुंकले. एकदा, मग जरा थांबून दुसऱ्यांदा. पंच्याऐंशीच्या घरातल्या माणसाच्या गळ्यातून तो आवाज आला, अगदी तोच, कोरडा आणि खणखणीत. काकांनी दचकून मान वर केली. समोरच्या इमारतीतल्या दोन खिडक्या उघडल्या. सासऱ्यांना स्वतःचा आवाज कितपत ऐकू येत होता कोण जाणे, ते फक्त घशाला आठवत होतं तसं ओरडत होते.

"हे असं," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "आता ओळखशील?"

मी हो म्हणणार होते. तेवढ्यात टेकडीवरून आवाज आला. ती मादी कदाचित अजून बिबट्यालाच ओरडत असेल. पण आला.

सासरे टेकडीकडे बघत नव्हते. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

"उत्तर आलं?" त्यांनी विचारलं.